मतदार यादी आणि नागरिकत्वाचा पुरावा: भंडाऱ्यात कागद कोणते, खर्च किती

सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मतदार यादीत नाव घालणं, दुरुस्त करणं, पत्ता बदलणं, हरकत घेणं यांपैकी कशालाही सरकार एक रुपया घेत नाही. सेतू केंद्राबाहेर, झेरॉक्सच्या दुकानात किंवा गावातल्या एखाद्या ‘ओळखीच्या माणसा’ने ‘नागरिकत्वाचं सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणून पैसे मागितले, तर तिथून निघा. भारतात जन्मलेल्या सर्वसाधारण माणसाला असं वेगळं नागरिकत्व प्रमाणपत्र दिलंच जात नाही. ते नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिक झालेल्यांना मिळतं. तुमच्याकडे ते नसेल तर काहीही बिघडलेलं नाही.

मग एवढी चर्चा कशाची? निवडणूक आयोगाने २४ जून २०२५ ला बिहारसाठी मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश काढला आणि यादीत राहण्यासाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचे पुरावे मागितले. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली. २७ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात बारा राज्यं व केंद्रशासित प्रदेश आले. त्यांत मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा होते, महाराष्ट्र नव्हता. पण तुमसर-मोहाडीतल्या कितीतरी सुनांचं माहेर बालाघाट जिल्ह्यात आहे, आणि त्यांच्या आईवडिलांचे कागद त्या टप्प्यात आले. म्हणजे ‘आपल्याकडे नाही’ म्हणून निवांत बसण्यासारखं काही नाही. आपल्या जिल्ह्याच्या तारखा तहसील कार्यालयाच्या फलकावर पाहा किंवा १९५० या हेल्पलाइनवर विचारा. व्हॉट्सॲपवर आलेली तारीख धरू नका.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

नेहमीची नोंदणी वेगळी आणि सखोल पुनरीक्षण वेगळं. गोंधळ इथेच होतो, आणि पैसेही इथेच जातात.

नेहमीच्या नोंदणीत, म्हणजे नमुना ६ भरताना, नागरिकत्वाचा कागद मागितला जात नाही. तुम्ही अर्जात ‘मी भारताचा नागरिक आहे’ अशी घोषणा करून सही करता. सोबत फोटो, वयाचा एक पुरावा (जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट यांपैकी एक) आणि पत्त्याचा एक पुरावा (वीजबिल, पाणीबिल, गॅसबिल, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार, जमिनीचा महसुली अभिलेख वगैरे). घोषणा खोटी निघाली तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणून दुसऱ्याने भरलेल्या अर्जावर न वाचता सही करू नका. अंगठा असेल तर आधी कोणाकडून तरी वाचून घ्या.

नमुना ६ नव्या नावासाठी, ७ हरकत किंवा नाव वगळण्यासाठी, ८ दुरुस्ती, पत्ताबदल आणि नव्या कार्डासाठी. परदेशात असलेल्या भारतीय पासपोर्टधारकासाठी ६-अ. अमेरिकेतल्या मुलाने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड असेल, तर त्याला इथे मतदान करता येत नाही. त्याचं नाव यादीत तसंच असेल तर स्वतःहून कमी करून घ्या.

वर्षात चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींचा अर्ज आगाऊ देता येतो. जिल्हा परिषद, नगरपरिषद, ग्रामपंचायत यांच्यासाठी वेगळी नोंदणी नसते, विधानसभेचीच यादी तिथे वापरतात. आणि विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्यांचे अर्ज इथेच अडकतात.

सखोल पुनरीक्षणात काय लागतं

बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येतो, आधीच तपशील छापलेला गणना अर्ज देतो, तुम्ही भरून सही करून परत देता. दोन प्रती असतात. एक त्याला द्या, दुसरीवर त्याची सही घेऊन ठेवा. ही पोच फुकट आहे आणि पुढे सगळ्यात जास्त कामाला येते. दुसऱ्या टप्प्याच्या राज्यांत या अर्जासोबत कागद घेतलेच नाहीत. ज्यांची नोंद मागच्या सखोल पुनरीक्षणाच्या यादीशी (राज्यानुसार २००२ ते २००४ दरम्यानची) जुळली नाही, त्यांनाच नोटीस काढण्याची तरतूद होती.

नोटीस आली तर जन्मतारखेनुसार तीन गट पडतात. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्यांना स्वतःचा एक कागद. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ दरम्यान जन्मलेल्यांना स्वतःचा एक आणि आई किंवा वडील यांपैकी एकाचा. २ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांना स्वतःचा, आईचा आणि वडिलांचा. पण आईवडिलांचं नाव त्या जुन्या यादीत असेल, तर यादीतलं ते पानच त्यांच्यासाठी पुरतं.

या तारखा नागरिकत्व कायद्यातून आल्या आहेत, आणि त्यांचा अर्थ समजायला आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव-प्रतापगड भागात नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९९९ ला जिल्हा फुटेपर्यंत ती भंडाऱ्यातच होती, आणि तिबेटी लोकांत आजही तिला ‘भंडारा’ म्हणूनच ओळखतात. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ दरम्यान भारतात जन्मलेला तिबेटी हा जन्माने भारतीय नागरिक आहे, असं न्यायालयांनी सांगितल्यावर निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये अशांची नावं यादीत घेण्याच्या सूचना दिल्या. त्या काळात फक्त इथला जन्म पुरत होता. नंतर आईवडिलांचं नागरिकत्वही पाहिलं जाऊ लागलं, म्हणून तरुणांकडून जास्त कागद मागतात.

आता कोणते कागद चालतात. आयोगाच्या यादीत अकरा प्रकार आहेत: सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमाचं ओळखपत्र अथवा पेन्शन आदेश, १ जुलै १९८७ पूर्वी सरकार, स्थानिक संस्था, बँक, पोस्ट किंवा एलआयसीने दिलेला कागद, जन्मदाखला, पासपोर्ट, मान्यताप्राप्त मंडळाचं किंवा विद्यापीठाचं शैक्षणिक प्रमाणपत्र, कायम रहिवासाचं प्रमाणपत्र, वनहक्क प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र, राष्ट्रीय नागरिक नोंदवही म्हणजे एनआरसी (जिथे असेल तिथे), स्थानिक संस्थेची कुटुंब नोंदवही, सरकारने दिलेलं जमीन किंवा घर वाटपपत्र. ८ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आधार बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितलं, पण फक्त ओळखीसाठी. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलं आहे की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असं म्हटलं.

रेशनकार्ड या यादीत नाही. मतदार कार्डही नाही, जे कित्येकांना पटत नाही आणि मलाही विचित्र वाटतं. सातबाराही नाही. तो नमुना ६ मध्ये पत्त्यासाठी चालतो, इथे जन्मासाठी चालत नाही. म्हणून कोणी ‘सातबारा काढा, लागेल’ म्हणालं तर आधी कशासाठी ते विचारा. काढायचाच असेल तर डिजिटल सहीचा उतारा महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, त्यापेक्षा जास्त देऊ नका. आयोगाने न्यायालयात ही यादी अंतिम नसून सूचक असल्याचं सांगितलं आहे. म्हणजे वेगळा भक्कम कागद असेल तर तो घ्यायचा की नाही हे मतदार नोंदणी अधिकारी ठरवू शकतो. द्या, आणि दिल्याची पोच घ्या.

खर्च सुरू करण्याआधी जुन्या यादीतलं पान शोधा

माझा सल्ला हाच. दाखले काढत बसण्याआधी एक संध्याकाळ या कामाला द्या. यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर पाहा किंवा तहसीलच्या निवडणूक शाखेत विचारा. पान स्कॅन केलेलं असतं. त्यात नावाने शोध चालत नाही, बोट ठेवून खाली उतरावं लागतं. अनुक्रमांक, घर क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, लिंग, वय. तुमचं नाव, ते नसेल तर आईवडिलांचं सापडलं, की मतदारसंघाचं नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक वहीत उतरवा आणि पानाचा फोटो काढा.

आपल्या जिल्ह्यात तीन ठिकाणी लोक अडतात.

पहिलं, मतदारसंघ. २००८ च्या पुनर्रचनेआधी जिल्ह्यात अड्याळ आणि लाखांदूर हेही विधानसभा मतदारसंघ होते. आता तुमसर, भंडारा आणि साकोली एवढेच आहेत. तुम्ही आज साकोलीचे मतदार असाल आणि जुन्या यादीत साकोलीखाली नाव सापडत नसेल, तर घाबरू नका, लाखांदूर उघडा.

दुसरं, गाव. गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्रातून पवनी आणि भंडारा तालुक्यांतली गावं उठली. आज पुनर्वसित गावठाणात राहत असाल तर जुन्या गावाच्या नावाने शोधा. आणि पुनर्वसनात मिळालेल्या भूखंडाचं वाटपपत्र पेटीतून बाहेर काढा. सरकारने दिलेलं घर-जमीन वाटपपत्र अकरा प्रकारांत आहे. घरकुलाचे कागद असतील तर तेही याच फाइलीत ठेवा.

तिसरं, बाईचं नाव. लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी पाळण्यातलं नावही बदलतं. माहेरच्या यादीत ‘शकुन’, सासरच्या आधारवर ‘शकुंतलाबाई’. बालाघाटच्या माहेरची यादी हिंदीत, तिथे आडनावाचं स्पेलिंगही वेगळं. अशा वेळी तिचं स्वतःचं नाव शोधण्याऐवजी तिच्या आईवडिलांच्या नोंदीशी जोडणी करा. सोबत शाळेचा दाखला, ज्यात वडिलांचं नाव आहे, आणि विवाह नोंदणीचा दाखला, ज्यात दोन्ही नावं आहेत. लग्नाची नोंदणी केली नसेल तर आता करून घ्या. नावबदलाचं राजपत्र काढायला कोणी सांगेल. बहुतेक घरांना त्याची गरज नसते, तो खर्च सर्वांत शेवटी.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत किंवा वरठीच्या कारखान्यात नोकरीला म्हणून बाहेरच्या राज्यांतून आलेल्या कुटुंबांनी आपल्या मूळ राज्याची जुनी यादी पाहायची, भंडाऱ्याची नाही. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या वडिलांचा पेन्शन आदेश हा पहिल्याच क्रमांकाचा कागद आहे. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्याने चालत नाही. नमुना ८ भरून तिकडचं नाव इकडे आणा.

आता पैशांचं

जुनी यादी जुळली तर खर्च झेरॉक्सपुरता. नाही जुळली तर पुढचं वाचा.

सर्वांत स्वस्त आणि बऱ्याच घरांत आधीच असलेला कागद म्हणजे दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. कपाटात लॅमिनेट करून ठेवलेलं असेल. दुसरा जात प्रमाणपत्र. ते काढताना तुमच्या वडिलांनी किंवा आजोबांनी कोतवाल बुकाची नक्कल, दाखल-खारीज उतारा, अधिकार अभिलेख अशी जुनी कागदपत्रं जमवलेली असतात. ती फाइल शोधा. १९८७ पूर्वीचा सरकारी कागद बहुधा तिच्यातच निघेल. फाइल हरवली असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी साधा अर्ज करा आणि नक्कल फी भरून पावती घ्या. विदर्भात कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असत, ही सोय पश्चिम महाराष्ट्रात सगळ्यांना नाही. मात्र जुन्या नोंदीत मुलाचं नाव नसतं, ‘अमक्याला मुलगा झाला’ एवढंच असतं. म्हणून सोबत शाळेचा दाखला जोडा.

दोन्ही नसतील तर ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. तहसीलमधून मिळतं, अर्ज आपले सरकार संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात. केंद्राचं सेवा शुल्क २०२५ मध्ये २० रुपयांवरून ५० झालं. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि कोर्ट फीचे १० रुपये धरून हिशेब ६९ रुपये होतो. दोनशे-तीनशे मागितले तर पावती मागा. पावती म्हटल्यावर आकडा खाली येतो, हा नेहमीचा अनुभव. मोबाइलवर स्वतः अर्ज केला तर केंद्राची फेरी वाचते. मुदत पंधरा दिवस. तेवढ्यात मिळालं नाही तर लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली अपील करता येतं.

प्रतिज्ञापत्रावर सगळ्यात जास्त लूट होते. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० चा आला, आणि दाखल्यांसाठीही ५०० चा स्टॅम्प घ्यायला लावतात. सरकारी कार्यालयात सादर करायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं, आणि अनेक ठिकाणी स्वयंघोषणापत्रच पुरतं. ‘स्टॅम्पशिवाय घेणार नाही’ म्हणाले तर तसं लेखी मागा.

जन्मदाखला नोंद असेल तर सोपा. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत किरकोळ शुल्कात प्रत मिळते. नोंदच नसेल तर मात्र शक्यतो या वाटेला जाऊ नका, दुसरा कागद शोधा. एक वर्षाहून जुन्या जन्माची नोंद आता न्यायालयाऐवजी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होते. मालेगावात अशा उशिरा नोंदीच्या दाखल्यांवरून गदारोळ झाल्यावर राज्याने जानेवारी २०२५ मध्ये हे काम थांबवलं आणि १२ मार्च २०२५ ला कडक कार्यपद्धती आणली. पुरावे तपासतात, पोलिसांचा अहवाल घेतात, वेळ लागतो. केवळ आधार दाखवून दाखला मिळवून देणारा दलाल भेटला तर तो तुम्हाला अडचणीत घालतो आहे. असे दाखले रद्द झाले आहेत.

पासपोर्ट हा चांगला कागद, पण केवळ यासाठी काढायची गरज नाही. प्रौढांसाठी १,५०० रुपये, तत्काळ हवा तर २,००० वर. आधारमधलं नाव-पत्ता दुरुस्त करायला १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये, बोटांचे ठसे वगैरे अद्ययावत करायला १२५. त्या दुरुस्तीने नागरिकत्वाच्या बाजूने काहीच वाढत नाही. फक्त सगळ्या कागदांवर नाव एकसारखं होतं.

खरा खर्च वेगळाच आहे, आणि तो कोणत्याही दरपत्रकात नसतो. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. लाखांदूरहून भंडाऱ्याला एक फेरी म्हणजे एक दिवस गेला, आणि रोवणीच्या दिवसांत गेला तर त्याहून जास्त. म्हणून फेऱ्या वाचवा. आधी बीएलओशी बोला. बीएलओ बहुधा गावातलाच शिक्षक किंवा गावातलीच अंगणवाडी सेविका असते. मग तहसील. उपविभागीय कार्यालयात (भंडारा, तुमसर, साकोली) फक्त सुनावणी असेल तेव्हाच जा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तर वर्षांवरच्यांना फुकट. तारीख बाईच्या नावाची असेल तर एवढं तरी वाचतं.

नाव वगळलं तर

प्रारूप यादीत आलेलं नाव सुनावणीशिवाय काढता येत नाही. यादीत आधीपासून असलेल्या मतदाराला नीट नोटीस देऊन, म्हणणं ऐकूनच निर्णय घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लालबाबू हुसेन प्रकरणात सांगितलं आहे. सुनावणीला मूळ कागद न्या, पण हातातून सोडू नका. झेरॉक्स द्या. आदेशाची प्रत मागून घ्या. पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील, त्यांच्या निर्णयानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. वकील लागतोच असं नाही. साध्या कागदावर जन्मतारीख, जुन्या यादीतला भाग व अनुक्रमांक, दिलेले कागद, बीएलओची पोच एवढं लिहिलं तरी चालतं. मुदत गेलीच तर नमुना ६ पुन्हा भरता येतो.

कोणी दुसऱ्यानेच तुमच्या नावावर नमुना ७ भरला असेल तर नोटीस तुम्हाला यायला हवी. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा मतदारसंघात २०२४ च्या विधानसभेआधी नवी नावं घालण्याचे हजारो ऑनलाइन अर्ज खोटे निघाले आणि गुन्हा दाखल झाला. म्हणून तीन महिन्यांतून एकदा संकेतस्थळावर आपलं आणि घरच्यांचं नाव तपासा.

कागदांची सक्ती कितपत योग्य, यावर न्यायालयात आणि बाहेर वाद आहे. आयोग म्हणतो, संविधानाच्या कलम ३२६ नुसार मतदार नागरिकच हवा, तेव्हा पाहणं आमचं काम. विरोधक म्हणतात, नागरिकत्व ठरवणं गृह खात्याचं काम आहे, आणि गरिबाकडे कागद नसतो. अमेरिकेत कॅन्सस राज्याने अशीच सक्ती केली तेव्हा सुमारे ३१ हजार अर्ज अडकले आणि न्यायालयांनी तो कायदा मोडीत काढला. तुमचा कल कुठेही असो, वाद मिटेपर्यंत फाइल तयार ठेवा.

फोनवर ‘तुमचं नाव कट होणार, ओटीपी सांगा’ किंवा ‘ही फाइल इन्स्टॉल करा’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. बीएलओला फॉर्मसाठी ओटीपी लागत नाही, आणि चहापाण्यालाही काही द्यायचं नाही. त्याने मागितलंच तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांक घेऊनच परत या.